लाल्याचा पुढचा स्टॉप

गोपीतात्या परबांनी आपल्या घोड्याला कधी तिकीट दिलं नाही, एवढंच काय ते बाकी राहिलं. नाहीतर कोरगाव-पेडणे रस्त्यावर तात्या आणि त्यांचा लाल्या निघाले की सगळा थाट बसचा असे. एक शिट्टी झाली की घोडा थांबे, दोन झाल्या की चाले. वाटेतल्या प्रत्येक बसस्टॉपवर तो आपणहून उभा राही, कोणी चढतंय-उतरतंय का ते पाही, आणि मागून दोन शिट्ट्या आल्या की पुढे निघे. रस्त्याकडेला कोणी हात वर केला तरी थांबे, मग तो हात माशी हाकलायला का वर गेलेला असेना.

तात्या आमचे शेजारी. तीस वर्षं त्यांनी म्हापशाच्या कारेरीवर कंडक्टरकी केली. बसला आमच्याकडची जुनी माणसं कारेर म्हणतात. निवृत्तीनंतर कारेर सुटली, पण खाकी सदरा आणि शिट्टी सुटली नाही. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. देवळात आरतीला गर्दी झाली की तात्या दारातून ओरडत, "भितर सरा, भितर सरा, मदीं जागो आसा." आणि लोक मुकाट्याने सरत.

घोडा आला तो डिचोलीहून. तात्या भाचीच्या लग्नाला म्हणून बसने गेले आणि चौथ्या दिवशी घोडा घेऊन चालत परत आले. तिथल्या एका खाण-कंत्राटदाराने मुलाच्या वरातीसाठी तो आणला होता. बँड सुरू झाल्याबरोबर त्याने नवरदेवाला धुळीत लोळवलं. तेव्हापासून बिचारा ट्रकांच्या अड्ड्यावर बांधलेला होता, आणि त्याला कोणीही नेलं असतं तरी कंत्राटदाराची हरकत नव्हती. जन्मात घोड्याला हात न लावलेल्या तात्यांनी दोरी हातात घेतली.

"अहो, पण कशाला आणलात?" मी विचारलं.

"रस्त्यार कोण उबो दिसलो काय तेका घेतल्याबगर माका फुडें वचूंक येना," तात्या म्हणाले. "पूण हो माझो न्हय. हाका फुडच्या स्टॉपार देंवोवचो आसा." उतरवायचा खरा, पण तो पुढचा स्टॉप कुठला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

रंग तांबडा म्हणून नाव लाल्या ठेवलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर नारळाच्या सोडणाने घासायला घेतला, तर पहिल्या घागरीला पाणी तांबडं, पाचव्या घागरीला गुलाबी, आणि दुपारपर्यंत घोडा पांढराशुभ्र. सगळा रंग खाणीच्या धुळीचा. आम्ही म्हटलं, आता नाव बदला. तात्या म्हणाले, "एकदां बोर्ड लागलो तो लागलो. अर्द्या वाटेर बदलूंक जायना."

जनावरांचा डॉक्टर येऊन दात बघून गेला. घोडा आठ वर्षांचा आहे, अजून वीस वर्षं सहज काढील, असं त्याने सांगितलं. तात्यांना आनंद व्हायचा, तर ते बोटांवर हिशेब करत बसले. त्यांना तेव्हा अडुसष्टावं होतं.

"माझी फेरी तेच्या आदीं सोंपतली," ते संध्याकाळी म्हणाले. "तेच्या आदीं तेका बरें घर जाय. आनी लाथो मारता त्या घोड्याक बरें घर कोण दितलो?"

म्हणून शिकवणी सुरू झाली. तात्यांना शाळा एकच ठाऊक, कारेर. रोज सकाळी लाल्याला तिठ्यावर उभं करायचं. ट्रकाचा हॉर्न वाजला की मानेवर हात आणि तोंडात गुळाचा खडा. कानाशी पत्र्याचा डबा आधी हळू वाजवायचा, मग जोरात. खूर उचलायला शिकवण्यात तर महिना गेला. तात्या त्याच्या पायाशी उकिडवे बसून विनवत, "फूटबोर्डावयलो पाय उखल रे." दोनदा लाथ खाल्ली आणि दोन्ही वेळा चूक आपलीच म्हणाले.

त्याच सुमारास गोव्यात भाषेचा वाद पेटला होता. मी मराठीचा, माझी बायको कोंकणीची, त्यामुळे आमच्या आमटीत मीठ कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे. दोन्हीकडची मंडळी तात्यांच्या अंगणात येऊन विचारत, घोड्याला कुठल्या भाषेत शिकवता? तात्या शिट्टी दाखवत. "कारेरीत दोगूय चडटात आनी दोगूय देंवतात," ते म्हणत. मंडळी नाराज होऊन निघत, आणि लाल्या त्यांना स्टॉपपर्यंत पोचवून येई.

गोवा राज्य झालं त्या वर्षीच्या लग्नसराईत पहिलं गिऱ्हाईक आलं. वरातीला घोडे पुरवणारा होता. तात्यांनी एक वरात करून दाखवायचं ठरवलं. कोरगावातून नवरदेव निघाला. बँडला लाल्या जराही बुजला नाही. पण वाटेत पाच स्टॉप होते, आणि प्रत्येक दारातून बायका कौतुकाने हात हलवत होत्या. तिसऱ्या स्टॉपवर एका म्हातारीने बाशिंग बांधलेल्या नवऱ्याला विचारलं, "पुता, म्हापशाक वता मरे ही?" वरात मांडवात पोचली तेव्हा भटजी पंचांगात दुसरा मुहूर्त शोधत होते. गिऱ्हाईकाचा त्याआधीच पत्ता नव्हता.

मग हरमलचा एक हॉटेलवाला आला. त्याला समुद्रावर गोऱ्या पाहुण्यांना फिरवायला घोडा हवा होता. तात्यांनी दुपारचं विचारलं, "दनपारां खंय बांदतलो?"

"माडाखाला."

"आनी नाल्ल पडलो जाल्यार?"

नारळ पडायच्या धास्तीला हॉटेलवाला हसला. तात्या हसले नाहीत. त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

मी एकदा हितोपदेश केला. म्हटलं, "तात्या, ती जागोजाग थांबायची खोड आधी मोडा. असला घोडा कोण घेईल?" तात्या दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या वर्षी त्यांचा दमाही वाढला होता. दोन शिट्ट्या वाजवायच्या तर मध्ये श्वास घ्यावा लागे, आणि लाल्या पहिलीवर थांबून दुसरीची वाट पाहत राही. ते बघून मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली.

आणि मग हळर्णचा इनास पोदेर आला. पोदेर म्हणजे पाव भाजून घरोघर विकणारा. सायकलवरून पडून त्याचा गुडघा कामातून गेला होता. हातगाडी ओढवत नव्हती, आणि दारात पाव येत नाही म्हणून गिऱ्हाइकं तुटत चालली होती.

"म्हाका धांवपी घोडो नाका, तात्या," तो म्हणाला. "दर दारांत रावपी जाय."

दारोदार थांबणारा घोडा मागणाऱ्या त्याला तात्यांनी आधी बसायला दिलं, मग विचारलं, "दनपारां कितें करता?"

"भट्टी बंद. हांव न्हिदतां."

"आनी घोडो?"

"तोय न्हिदतलो. दनपारां आमच्या घरांत कोणूच जागो आसना."

तात्यांनी चहा मागवला. अर्थात आमच्या घरून.

ते स्वतः लाल्याला घेऊन हळर्णला गेले आणि आठ दिवस इनासच्या भट्टीच्या पडवीत राहिले. गाडा जोडायला शिकवलं, इनासला शिट्टी शिकवली, आणि नवव्या दिवशी बसमधून एकटेच उतरले.

"सुटलों एकदाचो," ते म्हणाले.

"भेटायला जाल ना अधूनमधून?"

"ना. देंवल्ल्या पाशिंजराक फाटल्यान हाक मारूं नये. माका बगलो जाल्यार तो गाडो घेवन माझ्या फाटल्यान येतलो. मागीर इनासान कितें करचें?"

तात्या पुन्हा देवळात लोकांना आत सरकवू लागले. आम्हाला वाटलं, विषय संपला.

मी तलाठी. महिन्याभराने जमिनीच्या मोजणीसाठी सकाळीच हळर्णला गेलो, तर रस्त्याकडेच्या फणसाआड खाकी सदरा दिसला. मी हाक मारणार तोच तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं. वारा आपल्याकडे येतोय ना, एवढी खात्री करून ते उभे होते, घोड्याला वास जाऊ नये म्हणून. दर आठवड्याला पहाटेच्या बसने येतो, असं त्यांनी सांगितलं, आणि हे कोरगावात बोलायचं नाही अशी तंबीही दिली.

तेवढ्यात गाडा आला. लाल्या एकेका दारात थांबत होता, बायका पाव घेत होत्या. आमच्यासमोरून तो गेला, पण फणसाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"बरो शिकलो," तात्या म्हणाले. "पूण एकदां मान वळयल्ली जाल्यार बरें दिसपाचें."

मग मला ढकलत म्हणाले, "तूं वच. एक उंडो घे, आनी पट्टो मानेक घासता काय तें हात घालून पळय. माका वचूंक येना."

मी गेलो, उंडा, म्हणजे गोल पाव, घेतला. घोड्याच्या मानेवरचा पट्टा उचलून खाली हात फिरवला. गाडा वळणाआड गेल्यावर परत आलो आणि सांगितलं, "कुठेही घासत नाही. मान मऊ आहे. अंगही भरलंय."

तात्यांनी मान डोलावली. मी उंडा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. माझा दुसरा हात, मोकळा होता तो, त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला. तळव्याला चिकटलेले दोन पांढरे केस पाहिले. मग तो हात हळूच नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

तिकडे साखळी घेऊन मोजणीची माणसं माझी वाट बघत होती. मी हात तसाच राहू दिला.