हिराजीकाकांचा कोंबडा

हिराजीकाकांनी आपल्या स्वयंपाकघराची खिडकी प्लायवूड ठोकून बंद केली, ती कोंबड्यासाठी. नगरपालिकेचा माणूस सांगून गेला होता, खुराडं कुठल्याही खिडकीला लागून चालणार नाही. "आता खिडकीच नाय," काका मला म्हणाले. "आता कनचा नियम? दाखवा नियम!"

'दाखवा नियम' हे त्यांचं पालुपद. आमची विरारची बिल्डिंग त्यांच्याच भातशेतावर उभी राहिली. बदल्यात तळमजल्यावर फ्लॅट मिळाला, तेव्हा काका चार कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा घेऊनच राहायला आले. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे शिव्या सगळ्या माझ्या खात्यावर.

तिसऱ्या मजल्यावरचे पाटील रात्रपाळी करून उत्तररात्री येत आणि डोळा लागतो न लागतो तोच कोंबडा आरवे. उजाडलेलं त्याला कळू नये म्हणून काकांनी खुराड्यावर गोणपाट टाकून पाहिलं. तो गोणपाटाखालून आरवला.

"त्याला नियम कोन सांगनार?" काका हताश होऊन म्हणाले.

शेवटी सभेत ठराव झाला. कोंबड्या राहतील, कोंबडा जाईल. काका भांडले नाहीत. "त्याला कापू नका," एवढंच म्हणाले आणि त्याला टोपलीत घालून चांदीप गावी बहिणीकडे सोडून आले.

आठवड्याभरात पाटील माझ्या दारात. "कोंबडा परत आलाय! आणि आता अंधारातच आरवतो!"

दुसऱ्या दिवशी पहाटेआधीच मी खाली उतरलो. खुराड्यात चार कोंबड्या निमूट बसलेल्या. आरवणं काकांच्या दारापुढच्या ओट्यावरून येत होतं. भिंतीला हात टेकून, मान उंच करून काका स्वतः आरवत होते.

मला हसू फुटणार, एवढ्यात आतून काकींचा आवाज आला. त्यांची दृष्टी गेलेली, त्यात पडून कंबर मोडल्यापासून त्या अंथरुणालाच खिळलेल्या.

"अवो, आज आवाज बसलाय त्याचा."

"म्हातारा झाला तो," काका म्हणाले. "उजाडलं बघ. च्या टाकतो."

बाहेर मिट्ट काळोख होता. वळताना त्यांनी मला पाहिलं, दार ओढून घेतलं आणि जवळ येऊन कुजबुजले, "रातभर विचारते, उजाडलं का, उजाडलं का. मी तरी किती येळ नाय म्हनू?"