धोंडबा कासवाची नवी कात

एका जंगलात, मुलांनो, घरोघरी कॉम्प्युटर होता. बिळात होता, ढोलीत होता, गुहेत होता. वीज कुठून यायची, असं विचारू नका. जंगलातल्या प्राण्यांनीही ते कधी विचारलं नाही. ती जायची, तेवढंच त्यांना ठाऊक होतं.

तिथं ओढ्याकाठी धोंडबा नावाचं एक म्हातारं कासव राहायचं. त्याचाही एक कॉम्प्युटर होता, त्याच्यासारखाच जुना. सकाळी धोंडबा बटण दाबायचा आणि पाला खायला बाहेर पडायचा. पाला खाऊन, पाणी पिऊन, जरा ऊन खाऊन परत यायचा, तोवर पडद्यावर उजेड आलेला असायचा.

"आलास? ये," असं म्हणून धोंडबा समोर बसायचा. आपला कॉम्प्युटर हळू आहे, हे त्याला कधी कळलंच नाही.

धोंडबाचं त्या कॉम्प्युटरवर एकच काम असायचं. त्याची लेक मंजुळा लांब समुद्राकाठी दिली होती. बाजाराच्या दिवशी ती फोन करायची आणि धोंडबा तिला पडद्यावर बघायचा. चित्र धुरकट यायचं. पण लेक ओळखू यायची. बापाला आणखी काय लागतं?

एकदा मंजुळा म्हणाली, "आबा, अंडी वाळूत घातलीत. पुनवेच्या सकाळी फुटतील. मी फोन वाळूवर उभा करून ठेवते. तुम्ही समोर बसून राहा हं."

"राहतो की," धोंडबा म्हणाला. "बसून राहण्यात मी कुणाला हार जाणार नाही."

त्याचं काय आहे, मुलांनो, कासवांच्यात एक रीत आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, की त्याच्या कानावर पहिला शब्द घरातल्या वडीलधाऱ्याचा पडायला हवा. शब्दही ठरलेला. वडीलधाऱ्यानं वाकायचं आणि म्हणायचं, "सावकाश." बस, एवढंच. तेवढा शब्द पिल्लाला जन्मभर पुरतो. धोंडबाला तो त्याच्या आज्यानं म्हटला होता. मंजुळाला तो धोंडबानं म्हटला होता. आता नातवंडांना म्हणायचा होता. म्हणून धोंडबा ओढ्याकाठी बसून हळूच म्हणून बघायचा, "सावकाश... सावकाश..." ऐन वेळी घसा बसायला नको.

त्याच सुमारास जंगलात फणींद्र नावाचा नाग आला. अंग चकचकीत, बोलणं गुळगुळीत. तो कॉम्प्युटरची नवी सिस्टीम विकायचा. तिचं नाव होतं 'नवी कात'.

"माझ्याकडे बघा," तो फणा काढून म्हणायचा. "अंगावरचं जुनं मी टाकून देतो. म्हणून मी पुढे आहे. आणि तुमचा कॉम्प्युटर? गेल्या साली टाकायची कात अजून पांघरून बसलाय. लाज कशी वाटत नाही?"

प्राण्यांना लाज वाटली. ती त्यांना लगेच वाटते. सगळ्यांनी 'नवी कात' घालून घेतली.

भालबा अस्वलाच्या पडद्यावर एक गोल फिरायला लागला, तो फिरतच राहिला. खारूताईच्या पडद्यावरची सगळी चित्रं जागची हलली. बंद करायचं बटण तिला सापडेना. शेवटी तिनं त्यावर गोणपाट टाकलं. पण हे कुणी कुणाला सांगितलं नाही. सांगणारा मागासलेला ठरला असता.

"कसं आहे नवीन?" खारूताईनं विचारलं.

"एकदम फास्ट!" भालबा म्हणाला. "तुझं?"

"अगं बाई, माझं तर इतकं फास्ट, की दिसतच नाही."

आणि मग दोघंही, एकमेकांना चुकवून, धोंडबाकडे यायची.

"धोंडबाकाका, भाच्याशी जरा बोलायचं होतं," भालबा म्हणायचा. "आमच्याकडचं फारच नवीन आहे हो. भाच्याला झेपत नाही."

"बोल की बाबा," धोंडबा म्हणायचा आणि सरकून जागा करून द्यायचा.

भालबा पोटभर बोलायचा. उठताना कॉम्प्युटरकडे बघून नाक मुरडायचा. "बदला आता हे डबडं. किती दिवस कवटाळून बसणार? शेजारात बरं नाही दिसत."

खारूताई तर बोलता बोलताच म्हणायची, "शी! चालतं कसं हे अजून?"

शेवटी तिनंच नागाला धोंडबाकडे पाठवलं.

नागानं वेटोळं घातलं. "काका, तुमच्या जुन्या सिस्टीमला आता कंपनीचा आधार नाही."

"आधी होता का?" धोंडबानं विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच माहीत नव्हतं.

नाग जरा अडखळला. "व्हायरस शिरेल," तो म्हणाला. "नुसती फट दिसली की शिरतो. मग हलता हलत नाही."

"तुमच्या नात्यातला का?" धोंडबानं आपुलकीनं विचारलं.

नागानं विषय बदलला. "लेकीचा चेहरा कसा दिसतो याच्यावर?"

"धुरकट दिसतो."

"आणि नातवंडं? तीही धुरकटच बघणार? आजोबा ना तुम्ही? अहो, 'नव्या काती'त टरफलाला गेलेला तडासुद्धा दिसेल. नातवाच्या नाकावरचा वाळूचा कण दिसेल!"

धोंडबाच्या डोळ्यांपुढे ते नाक आलं. त्यावरचा कणही आला. म्हातारा विरघळला.

"किती वेळ लागेल?"

"डोळ्याची पापणी लवेपर्यंत होऊन जाईल."

नागाला पापण्या नसतात. हे धोंडबाच्या ध्यानात आलं नाही.

"आणि नाहीच जमलं, तर जुनं परत बसवता येईल ना?"

"काका," नाग हसला, "टाकलेली कात कुणी पुन्हा घालतं का?"

पुनवेच्या आदल्या दिवशी धोंडबाच्या कॉम्प्युटरवरही गोल फिरायला लागला. धोंडबा समोर बसून राहिला. बसून राहण्याचा शब्द त्यानं दिलाच होता.

पुनवेचं ऊन वर आलं तेव्हा पडदा उजळला. खोटं कशाला बोला, फार लख्ख उजळला. त्यावर 'सुस्वागतम्' लिहिलं होतं. एवढं स्वच्छ अक्षर धोंडबानं जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि घंटी वाजली. मंजुळाचा फोन!

धोंडबानं पाय पुढे केला, तोच पडद्यावर एक चौकट आली. 'तुम्ही खरोखर कासव आहात हे सिद्ध करा. खालील चित्रांतली कासवं निवडा.'

खाली पुष्कळ चित्रं होती. काहींत कासवं होती. काहींत नुसते गोल दगड होते. तुम्ही आम्ही झटकन ओळखलं असतं. पण कासव असं कसं करील? वाटेत गोल दगड दिसला, तरी कासव त्याला राम राम घालतं. आत कुणी मान ओढून बसलं असेल तर? मिटून बसलेल्याला दगड म्हणणं, याहून मोठा अपमान कासवांच्यात नाही.

"राम राम," धोंडबा पहिल्या दगडाला म्हणाला आणि त्यालाही निवडलं. दुसऱ्यालाही निवडलं. कुणाचं मन दुखवायला नको.

'चूक,' पडदा म्हणाला. 'तुम्ही कासव नाही.'

धोंडबानं मान वळवून आपली पाठ बघितली. होती.

घंटी वाजतच होती. पडद्यानं पुन्हा चित्रं दाखवली. या वेळी धोंडबानं मन घट्ट केलं. एकेका दगडाला "माफ करा हं, लेकीचा फोन आहे" असं म्हणत त्यानं त्यांना वगळलं. शेवटच्या कासवाकडे पाय न्यायला आणि चौकट लाल व्हायला एकच गाठ पडली.

'वेळ संपला. तुमच्या हालचाली संशयास्पद वाटतात.'

घंटी थांबली. थोड्या वेळानं पडद्यावर नवीन अक्षरं उमटली, तीही लख्ख. 'एक अनोळखी व्यक्ती तुम्हाला वारंवार त्रास देत होती. आम्ही तिला अडवलं आहे. आता तुम्ही सुरक्षित आहात.'

धोंडबानं पडद्याला तोंड लावलं. "सावकाश," तो म्हणाला. पलीकडे काही हललं नाही. तो थोडा मोठ्यानं म्हणाला, "सावकाश रे बाळांनो." उन्हं उतरेपर्यंत तो म्हणत राहिला. कुठल्या तरी फटीतून जाईल, असं त्याला वाटत होतं. नागानं फटीचं सांगितलं होतं ना.

पुढे समुद्राकडून एक बगळा ओढ्यावर आला. मंजुळानं त्याच्याजवळ निरोप दिला होता.

"अंडी फुटली, धोंडबा. पोरीनं फोन वाळूवर उभा केला होता. तुमच्याकडून आवाजही आला."

"आला?" धोंडबानं मान बाहेर काढली. "माझा?"

"छे, कुणा बाईचा. मोठ्ठा! 'त्वरा करा! ही संधी पुन्हा नाही! आजच घ्या नवी कात!' पिल्लांनी डोकी वर काढली, तेवढं ऐकलं, आणि सुटली की पाण्याकडे! मंजुळा मागनं हाका मारतेय. एकानंही वळून बघितलं नाही."

धोंडबानं समुद्राच्या दिशेला बघितलं. मग म्हणाला, "बरी आहेत ना पण?"

"बरी आहेत," बगळा म्हणाला. "घाईत आहेत."

सांजेला शेजारी अभिनंदन करायला आले. सोबत मधाचं पोळं होतं, शेंगा होत्या.

"शाब्बास काका, सुधारलात एकदाचे!" भालबानं धोंडबाच्या पाठीवर थाप मारली. तो मनापासून खूश होता. धोंडबाचा कॉम्प्युटर चालू असेतोवर त्याला आपला बंद असल्याचं फार लागायचं. आता काही लागत नव्हतं. भाच्याशी बोलायला कुठं जायचं, हा विचार त्याच्या मनात क्षणभर आला. पण त्यानं तो बोलून दाखवला नाही. खारूताईनंही दाखवला नाही.

"आता आपण सगळे एका वर्गातले," ती म्हणाली. "सांगा ना काका, कसं आहे?"

सगळे धोंडबाच्या तोंडाकडे बघायला लागले. धोंडबानं एकेकाकडे बघितलं. सणाला आल्यासारखे आले होते बिचारे.

"चित्र फार लख्ख आहे," तो म्हणाला, आणि त्यानं मान आत घेतली.

तात्पर्य (हे तुम्हाला न विचारता बसवण्यात येत आहे): मुलांनो, नीट चालणारी वस्तू घरात ठेवू नये. तिच्यामुळे विकणाऱ्याचा धंदा बुडतो, शेजाऱ्यांचा जीव जळतो आणि म्हातारी माणसं उगाच सुखात राहतात.