धोंडोपंतांचा ॲम्प्लिफायर अपडेट होतो

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येत असे. भिंती नव्हत्या ना, म्हणून. कोणी शिंकलं की चार झाडं पलीकडून "काढा घे" असं उत्तर यायचं.

त्या जंगलात धोंडोपंत अस्वल राहत होते. ते मध खात्यातून निवृत्त झाले होते. निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि एक ॲम्प्लिफायर मिळाला. शालीची त्यांना गरज नव्हती, ती अंगावर जन्मापासून होती. नारळ त्यांनी त्याच दिवशी खाल्ला. उरला ॲम्प्लिफायर.

ॲम्प्लिफायर म्हणजे काय? लहान आवाज मोठा करणारी पेटी. तिला दोन स्पीकर होते आणि एक गोल बटण होतं. बटण उजवीकडे फिरवलं की गाणं मोठं. डावीकडे फिरवलं की लहान. पंतांना एवढंच समजत होतं आणि तेवढ्यावर त्यांचं सुखाने चाललं होतं. वीज कुठून यायची? काजव्यांकडून. काजव्यांना त्याचं काय मिळायचं? मुलांनो, गोष्टीत मध्येमध्ये असे प्रश्न विचारू नयेत.

रोज चार वाजता पंत गाणं लावत. त्यांच्या पत्नी सगुणाबाई मोहाची फुलं निवडत ऐकत. आणि शेजारची शेवंता चितळीण हळूहळू चालत येऊन गुहेच्या दारात बसे. शेवंताचा मागचा पाय अधू होता. दोन वर्षांपूर्वी तिचा कळप नदीपलीकडे चरायला गेला तेव्हा ती मागेच राहिली. "पुढच्या खेपेला येते," असं म्हणाली होती. पुढची खेप काही झाली नाही.

"पंत, ते कोकीळबुवांचं लावा ना," शेवंता म्हणायची.

"अगं, काल तेच लावलं होतं."

"काल कालचं झालं."

मग पंत कोकीळबुवांचं लावायचे. गाण्याच्या मागे यंत्राची बारीकशी घूं ऐकू यायची. पंत तिच्याबद्दल माफी मागायचे. शेवंता म्हणायची, "असू दे हो. घरात कोणीतरी असल्यासारखं वाटतं."

असं सगळं ठीक चाललं होतं. म्हणजे काहीतरी करायलाच हवं होतं.

एके दिवशी ॲम्प्लिफायरवर लाल दिवा लुकलुकू लागला. खाली अक्षरं आली : नवीन फर्मवेअर उपलब्ध आहे.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातली अक्कल. ती दर दोन महिन्यांनी बदलावी लागते. तुमची-आमची तशी बदलत नाही, म्हणून आपल्याला दिवा नसतो.

"अहो, गाणं वाजतंय ना नीट?" सगुणाबाईंनी विचारलं.

"वाजतंय."

"मग ठेवा त्या दिव्यावर एक पळसाचं पान."

पंतांनी पान ठेवलं. पण पानाखाली दिवा लुकलुकतोय हे त्यांना माहीत होतं. त्यांचं गाण्यावरून लक्ष उडालं. कोकीळबुवा वरच्या सुरावर गेले की पंत पान उचलून बघायचे. पाच दिवस त्यांनी कळ काढली. सहाव्या दिवशी शशिकांत कोल्ह्याला बोलावलं.

शशिकांत कोल्हा यंत्रांतला जाणकार होता. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि त्याच्यावर त्याचाच फोटो होता. त्याने पान उचललं, दिवा पाहिला आणि च्च च्च केलं.

"पंत, तुम्ही सात आवृत्त्या मागे आहात."

"पण आवाज चांगला येतोय."

"तुम्हाला चांगला वाटतोय. तो चांगला आहे की नाही हे तुम्हाला कसं कळणार?"

पंत ओशाळले. इतकी वर्षं आपण न विचारता खुश होत होतो, याची त्यांना लाज वाटली.

"मला तर आवडतं बाई," शेवंता दारातून म्हणाली.

"आजी, तुम्ही ग्राहक नाही आहात," शशिकांत नम्रपणे म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

पाऊण तास यंत्राने कोणाशी बोलायचं नाकारलं. मग ते जागं झालं. जागं झालं तेव्हा ते सगळं विसरलं होतं. आपण कोणाच्या घरी आहोत, डावा स्पीकर कुठला, उजवा कुठला, काही त्याला आठवेना. ते प्रश्न विचारू लागलं.

तुमची गुहा किती फूट लांब आहे? छताला पोळं आहे काय? असल्यास रिकामं की भरलेलं? श्रोते किती? श्रोत्यांचे कान आखूड, मध्यम की लांब?

"माझे लांब लिहा," शेवंता म्हणाली. तिला मौज वाटत होती.

शेवटी यंत्र म्हणालं : आता आवाजाची मोजणी होईल. मोजणी पूर्ण होईपर्यंत गाणं वाजणार नाही. कृपया पूर्ण शांतता राखा.

शशिकांतने तीन पायांच्या काडीवर एक छोटा माइक उभा केला आणि तो पंतांच्या आसनावर ठेवला. पंत उभे राहिले. यंत्राने 'ट्यूंऽऽ' असा आवाज काढला आणि स्वतःच तो कान देऊन ऐकला. इतक्यात बाहेर सुतार पक्ष्याने खोडावर टकटक केली.

बाहेरचा आवाज आढळला. मोजणी रद्द.

सुतार पक्ष्याची समजूत घातली. मग रातकिडे निघाले. रातकिडे गप्प केले तर ओढा निघाला. ओढ्यात चार धोंडे टाकले, तर तो जास्तच बोलू लागला. अकरा दिवस झाले. गुहेत गाणं नव्हतं. शेवंता रोज चारला यायची, थोडा वेळ बसायची आणि परत जायची.

"जुनं होतं तसं करून दे बाबा," सगुणाबाई शशिकांतला म्हणाल्या.

"काकू, मागे जाता येत नाही. फक्त पुढे."

बाराव्या दिवशी शशिकांत पंतांना घेऊन सिंहमहाराजांकडे गेला. महाराजांनी गाणं कधी ऐकलं नव्हतं. पण आपली डरकाळी त्या यंत्रातून कशी वाटेल हे त्यांना ऐकायचं होतं. राज्यारोहणाचा वाढदिवस जवळ आला होता. त्यांनी तिथल्या तिथे पंजा उमटवला. अशा रीतीने फर्मवेअरसाठी फर्मान निघालं.

फर्मानात लिहिलं होतं : रोज चार ते पाच जंगलात कोणीही कसलाही आवाज करू नये. आवाज करणाऱ्यास जंगलाच्या प्रगतीत अडथळा आणणारा समजण्यात येईल.

फर्मानाची एक प्रत ऐनाच्या उंच झाडावर लावली. तिथे बजाबा वानर बसत असे. बजाबाचं काम एकच होतं. नदीकडच्या गवतातून बिबट्या येताना दिसला की तो 'खॅक्' करून ओरडायचा. ते ऐकून जो तो पळायचा. बजाबाला हे काम त्याच्या बापाकडून मिळालं होतं. डोळे मिटले तरी कुठलं गवत वाऱ्याने हललं आणि कुठलं नाही, हे त्याला कळायचं.

बजाबाने फर्मान वाचलं. तो खाली उतरला आणि शशिकांतला गाठून म्हणाला, "साहेब, चार ते पाचमध्ये बिबट्या आला तर?"

"अत्यावश्यक आवाजासाठी वेगळा अर्ज आहे."

"देतो. परवानगी कधी मिळेल?"

"अर्जावर विचार चालू असताना अर्जदाराने आवाज करायचा नाही. एवढं लक्षात ठेवा."

बजाबाने अर्ज दिला. 'आवाजाचं कारण' या रकान्यात त्याने 'बिबट्या' असं लिहिलं. 'आवाजाचा कालावधी' या रकान्यात बराच विचार करून 'पळेपर्यंत' असं लिहिलं.

चार वाजले. जंगल गप्प झालं. मुलांनो, अशी शांतता त्या जंगलात कधी झाली नव्हती. माकडांनी पिलांच्या तोंडात फळं कोंबली. रातकिड्यांनी एकमेकांचे पाय धरून ठेवले. गुहेत यंत्र ट्यूंऽऽ करत होतं. पंत, सगुणाबाई आणि शशिकांत श्वास धरून आकडे बघत होते. साठ टक्के. सत्तर टक्के.

शेवंता नेहमीप्रमाणे निघाली होती. आज गाणं सुरू होणार असं पंतांनी तिला सांगितलं होतं. वाटेत पाण्याशी थांबून ती पाणी पीत होती. खाली मान घालून प्यायली, कारण वर बजाबा आहे हे तिला माहीत होतं.

बजाबाला गवत हलताना दिसलं. वारा नव्हता.

त्याने तोंड उघडलं. समोर फर्मान होतं, त्यावर महाराजांचा पंजा होता. त्याने तोंड मिटलं. दोन्ही हात वर करून तो जोरजोराने हलवू लागला. शेवंताने वर पाहिलंच नाही. कशाला पाहील? ती आयुष्यभर कानांवर विसंबली होती. बजाबाने शेपटीने फांदीला वेढा घातला, अर्धा खाली लोंबकळला, तिला दिसावं म्हणून वेड्यासारखा झोके घेऊ लागला. गवतातला पिवळा रंग पाण्याजवळ आला.

तेव्हा तो ओरडला. फर्मान, अर्ज, पंजा सगळं विसरून ओरडला. पण एक श्वास उशीर झाला होता. चार धडधाकट पायांना तेवढा उशीर चालतो. शेवंताला तीनच होते.

गुहेत आकडा ब्याण्णववर होता.

बाहेरचा आवाज आढळला. मोजणी रद्द.

"गेलं!" शशिकांतने कपाळावर पंजा मारला. "ब्याण्णववरून गेलं हो!"

सगुणाबाई आधीच बाहेर धावल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या पायांना पाणवठ्याचा चिखल होता. दारात शेवंता बसायची ती जागा त्यांनी हाताने पुसली आणि तिथेच बसून राहिल्या.

पंत ढसाढसा रडले. मुलांनो, ते वाईट नव्हते. दोन दिवस त्यांनी मधाला तोंड लावलं नाही.

चौकशी झाली. बजाबावर दोन आरोप ठेवले. पहिला, परवानगी येण्याआधी ओरडला. दुसरा, उशिरा ओरडला.

"महाराज, यातला एकच काय तो ठेवा," बजाबा म्हणाला.

दोन्ही सिद्ध झाले. त्याला ऐनावरून काढून बोरं वेचायच्या कामावर टाकलं. त्याचा अर्ज पुढच्या आठवड्यात मंजूर होऊन आला. पण तोवर त्या पदावर कोणीच नव्हतं, म्हणून तो परत गेला.

मग पंतांच्या गुहेसमोर शोकसभा भरली. सगळं जंगल आलं. सिंहमहाराज म्हणाले, "शेवंताबाई संगीताच्या खऱ्या चाहत्या होत्या." त्यांनी शेवंताला पाहिलेलं नव्हतं, पण वाक्य चांगलं होतं. मग ते म्हणाले, "आता आपण सारे दोन मिनिटं शांत उभे राहू."

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. या वेळी कोणाच्या तोंडात फळ कोंबावं लागलं नाही. रातकिडे आपणहून थांबले. ओढासुद्धा धोंड्यांमागे तुंबल्यासारखा झाला.

शशिकांत हळूच सरकत पंतांच्या कानाशी आला.

"पंत," तो कुजबुजला, "अशी शांतता पुन्हा मिळायची नाही."

पंतांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे ओले होते. त्यांना राग आला. मग त्यांनी आत, माइककडे पाहिलं. मग त्यांच्या मनात आलं, शेवंतालाही हेच आवडलं असतं. तिचा जीव होता गाण्यावर. असं मनात आल्यावर त्यांना जरा बरं वाटलं आणि त्यांनी मान हलवली.

शशिकांतने बटण दाबलं.

गुहेतून 'ट्यूंऽऽ' असा दीर्घ, करुण आवाज आला. सभेला वाटलं, हा श्रद्धांजलीचाच भाग. महाराजांनी मान आणखी खाली घातली. एक ससा हुंदका देणार होता, त्याला शेजारच्याने गप्प केलं. नव्वद. पंचाण्णव. शंभर.

मोजणी यशस्वी झाली. अभिनंदन.

यंत्र हे मोठ्याने बोललं. सभेने टाळ्या वाजवल्या.

पंतांनी कोकीळबुवांचं लावलं. काय सांगू मुलांनो! एकेक सूर धुऊन वाळत घातल्यासारखा. कोकीळबुवा श्वास कुठे घेतात ते कळत होतं. मागची घूं पार गेली होती. गाणं थांबलं की मागे काही म्हणजे काहीच उरत नव्हतं. महाराजांनी दोनदा "वा" म्हटलं आणि उद्या डरकाळी द्यायला येतो असं सांगून गेले. सगळे गेले. शशिकांत सही घेऊन गेला.

पंत एकटेच डोळे मिटून ऐकत बसले. सगुणाबाई उठल्या. त्यांनी अंगावरची फुलं झटकली आणि त्या गुहेबाहेर पडल्या.

"अगं, कुठे निघालीस? ऐक तरी."

"ऐनावर जाते. बजाबाच्या जागी कोणी नाही. कोणीतरी बघायला हवं."

त्या झाडापाशी गेल्या. वय झालं होतं, दम लागत होता. तरी त्यांनी खोडाला मिठी मारली आणि नखं रोवून त्या चढू लागल्या. पहिल्या फांदीपर्यंत पोचल्या तेव्हा गुहेतून पंतांचा आवाज आला.

"जरा हळू चढ. पानं वाजतात."

तात्पर्य : स्वच्छ आवाज हवा असेल तर आधी ओरडणारे कमी करावेत. ऐकणारे आपोआप कमी होतात.