अध्यक्षांची पहिली तपासणी

इंद्रलोक नावाच्या वस्तीतल्या एका सोसायटीचे अध्यक्ष परशुराम पाटील यांना 'शिबीर' हा शब्द कानावर पडला की पुढचं काही ऐकू येत नसे. ते एवढंच विचारत, "बॅनर केवढा?"

त्यांची बायको सुगंधा हे ओळखून होती. गेले काही महिने तिला दोन पाळ्यांच्या मधेच रक्त जात होतं. नवऱ्याला सांगायचा प्रयत्न तिने दोनदा केला. एकदा तो नगरसेवकाचं तिकीट आपल्यालाच कसं मिळणार ते सांगत होता, आणि दुसऱ्यांदाही तेच सांगत होता. शेवटी तिने बी विंगमधल्या डॉक्टर पायलला गाठलं. एकटीने दवाखान्यात जायला लाज वाटते म्हणाली. पायलने तोडगा काढला. "इथेच कॅम्प घेऊ ना काकी. तिशीनंतर सगळ्याच बायकांनी ही तपासणी करायला पाहिजे. गर्दीत तुम्ही का आलात, कोण विचारतंय?"

निरोप अध्यक्षांकडे नेला सेक्रेटरी योगेंद्रने. तपासणी कसली, हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. 'गर्भाशय' हा शब्द त्याने शाळा सुटल्यापासून उच्चारला नव्हता, आणि शाळेतही तो धडा सरांनी घरी वाचायला सांगितला होता. अध्यक्षांनीही विचारलं नाही. योगेंद्र जवळच्या केबिन रोडच्या बॅनरवाल्याकडे गेला तेव्हा तिथे नेमकी ओळखीची माणसं उभी होती, त्यामुळे बॅनरवर फक्त 'भव्य मोफत तपासणी शिबीर' एवढंच छापून आलं. उरलेल्या सगळ्या जागेत हात जोडलेले परशुराम.

रविवारी सकाळी क्लबहाऊसबाहेर रांग लागली. सगळे पुरुष. आत्मारामकाका शुगरच्या आणि गुडघेदुखीच्या जुन्या रिपोर्टांची पिशवी घेऊन सर्वांत पुढे. बायका जिन्यापर्यंत येत, रांग बघत आणि परत वर जात. सुगंधा तेवढी कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर गुंडाळत बसून राहिली. पायलला दुपारी हॉस्पिटलच्या ड्युटीवर पळायचं होतं. आजची संधी गेली की सुगंधाला पुन्हा धीर होणार नव्हता, हे दोघींनाही कळत होतं.

इतक्यात कडक इस्त्रीत अध्यक्ष आले, मागे फोटोग्राफर आणि योगेंद्र. सोसायटीच्या कुठल्याही शिबिराची पहिली तपासणी त्यांची, ही प्रथाच होती. दातांच्या शिबिरात त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून आ केला होता. रक्तदानात फोटोपुरते आडवे झाले होते आणि सुई दिसताच उठले होते.

पायल बाहेर नर्सला गाठायला गेली होती. परशुराम थेट पडद्याआड शिरले, चपला काढल्या आणि टेबलावर आडवे झाले.

"पाय ठेवायला पन चांगली सोय केलीय," असं म्हणत त्यांनी दोन्ही पाय दोन बाजूंच्या आधारांवर ठेवले.

"दादा, थोडा स्माइल," फोटोग्राफर म्हणाला. दादांनी दिला. 'अध्यक्षांनी स्वतः तपासणी करून शिबिराचा शुभारंभ केला' असं लिहून फोटो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर गेलासुद्धा.

पायल आत आली आणि जागेवरच थबकली.

"सर, उठा. ही तपासणी तुमची नाही होऊ शकत."

"का नाय? मी उपाशीपोटी आलोय."

पायलने योगेंद्रकडे पाहिलं. योगेंद्र पंख्याकडे बघायला लागला. मग तिनेच सरळ सांगितलं, "ही गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आहे. कॅन्सर होण्याआधीच कळावं म्हणून."

पडदा कापडाचा होता, रांगेने ऐकलं. आत्मारामकाका पिशवी टाकून ज्या वेगाने निघाले, तो पाहता त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. परशुरामांचे पाय मात्र आधारात अडकले. ते सोडवताना आणि सोडवल्यावर ते योगेंद्रला जे बोलले ते शिबिरात शोभणारं नव्हतं. मग त्यांनी हुकूम सोडला. "बंद करा ह्ये सगळं. बॅनर उतरवा आधी. माझा फोटो हाय त्याच्यावर."

योगेंद्र शिडी शोधायला धावला.

"अवो, बंद न्हाय करायचं," सुगंधा उठून म्हणाली. "मला दाखवायचंय."

"तुला काय झालंय?"

"मधेच रक्त जातंय. कधीपासून सांगतेय. तुमी बॅनरची साईज बोलत व्हता."

परशुरामांनी योगेंद्रला शिडी परत ठेवायला सांगितली. सुगंधा पडद्याआड गेली. पुरुष पळालेले पाहून जिन्यातल्या बायका एकेक करून खाली आल्या, आणि दुपारपर्यंत क्लबहाऊस भरून गेलं.

सुगंधाच्या गर्भाशयमुखाचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागला. कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. छोट्याशा उपचारात काम झालं. त्याच दिवशी संध्याकाळी ती घरी येऊन भाकऱ्या थापत होती. आणखी काही वर्षं लाजत बसल्या असतात तर वेगळंच ऐकावं लागलं असतं, असं पायलने तिला बजावलं, आणि सुगंधाच्या शाळकरी भाचीला हा कॅन्सर टाळणारी लस द्यायचंही ठरवून टाकलं.

परशुराम मात्र सुधारले. पुढच्या वर्षी त्यांनी बॅनर स्वतः सांगून करून घेतला. त्यावर लांबून दिसतील अशा लाल अक्षरांत 'गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मात!' आणि खाली हात जोडून, हसतमुख, ते स्वतः.

सुगंधा गेटवर उभी राहून बराच वेळ बघत होती.

"शब्द मोठा घेतला त्ये चांगलं केलं," ती म्हणाली. "पन येताना केबिन रोडला तीन जनांनी इचारलं, पाटलांची तब्येत आता कशी हाय?"