नववी तार

वीज वाचवावी तर बचतरावांनीच! हे नाव त्यांना ऑफिसनं चेष्टेनं दिलं होतं, पण बचतराव ते पदवीसारखं मिरवत. चिपच्या पोटातल्या तारा किती वीज खातात हे मोजण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती, आणि आजचं प्रात्यक्षिक जमलं की विभागप्रमुखाची खुर्ची त्यांचीच होती.

"प्रमुख झालोच समज!" सकाळी बूट घालता घालता त्यांनी बायकोला सांगून टाकलं. दुपारपर्यंत ते तिच्या अख्ख्या माहेराला कळलं.

युक्ती तशी झकास होती. कॅमेऱ्याच्या चिपमध्ये चित्राची माहिती आठ तारांवरून पळते. तार शून्याची एक झाली किंवा एकाची शून्य झाली, की वीज जाते. आहे तशी राहिली तर जात नाही. म्हणून चारपेक्षा जास्त तारा बदलायची वेळ आली, की बचतराव माहिती सरळ उलटी करूनच पाठवत, म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. मग थोड्याच तारा बदलायच्या. आणि पलीकडच्याला कळावं म्हणून शेजारी एक नववी तार: बाबा रे, हे उलटं आहे, सरळ करून घे.

अठरा टक्के वीज वाचली. दुसरा कोणी असता तर तिथंच थांबला असता. बचतरावांनी प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी पुन्हा तक्ता काढला, तर सगळ्यात जास्त वीज खात होती ती नववी तारच!

"आयतखाऊ मेली! चित्रातलं काडीचंही नेत नाही, आणि खाते सगळ्यांपेक्षा जास्त!" त्यांनी आराखड्यातून ती उडवली. बचत अठ्ठावीस टक्के!

"चित्र बघितलंत का?" तपासणीच्या बाईंनी विचारलं.

"बाई, आपण वीज मोजतोय. फोटो काढून घ्यायला नाही आलो!"

प्रात्यक्षिकाला पाहुणे जमले. कॅमेऱ्यासमोर बसायची हौस नेमकी बड्या साहेबांना आली. साहेब दर रविवारी न चुकता कलप लावत, आणि ते कोणालाच माहीत नाही असा त्यांचा ठाम समज होता. भिंतीवर चित्र उमटलं. केस पांढरेशुभ्र, मधूनमधून काळी ठिगळं, आणि हसऱ्या तोंडात काळेकुट्ट दात!

"कॅमेरा भलताच प्रामाणिक दिसतोय," एक पाहुणा म्हणाला.

साहेबांनी डोक्यावरून हात फिरवला. "किती वाचली म्हणालात?"

"अठ्ठावीस टक्के, साहेब."

"वा! तुम्हाला प्रमुख केलं नाही, तर आणखी बरंच काही वाचेल." मग ते वळले. "बाई, उद्यापासून विभाग तुम्ही सांभाळा."

बचतराव घरी पोचले, तर दारातच सासूबाई, मेहुणा आणि हातभर लांबीचा गुच्छ.

"आले आमचे प्रमुख!" बायको म्हणाली.

बचतरावांनी घसा खाकरला. "मी सकाळी सांगितलं होतं ना... ते जरा उलटं समज."

"अहो, उलटं समजायचं होतं, तर तसं तेव्हाच सोबत सांगायला काय झालं होतं?" बायको कडाडली. "तेवढ्याला काय वीज लागत होती?"