आंबेसावंगीचा बोळ बंद जाहला, त्याची हकीकत

श्री.

सभासदप्रतिपालक, सहकारधुरंधर, राजमान्य राजेश्री चेअरमन मोहनरावसाहेब यांचे सेवेसी, खरेदी-विक्री संघाचा कारकून आश्रुबा याचा दंडवत. साहेबी आज्ञा केली की, शके १९३७, मन्मथनाम संवत्सरी, दुष्काळ ऐन भरात असता आंबेसावंगीचा बोळ कोण्या पराक्रमे हस्तगत जाहला, ते लिहून ठेवावे. आज्ञा प्रमाण. सेवकाने डोळां पाहिले ते लिहिले, पाहू नये ऐसे होते तेही लिहिले.

तरी प्रकार ऐसा जे, पेठेत संघाच्या दोन जागा आणि दोहींच्या मधोमध चार हात रुंदीचा सरकारी बोळ. साहेबांचे चित्ती आले की दोन्ही जागा एक करून बावीस गाळ्यांचे व्यापारी संकुल उठवावे आणि पेठेस शहराची कळा आणावी. आडवा आला तो बोळ. बोळाच्या अलीकडे पेठेतील विहीर, जीत दिवसाआड टँकर रिता होई. पलीकडे ऊसतोड्यांची वस्ती. बोळातून विहीर चाळीस पावले. बोळ मिटला तर शाळेस वळसा घालून, ओढा उतरून, अर्धा कोस.

मग मसलत बसली आणि साहेबांनी अकलेची शर्थ केली. ग्रामसभेतून फर्मान काढविले की, एक दिवस मोजणी करावी. पन्नास माणसे बोळातून न गेली तर बोळ निकामी समजून संघाचे हवाली करावा. आणि मोजणीस मुहूर्त धरिला पौषाचा. वस्ती दसऱ्यास कोयते घेऊन कारखान्यांच्या मुलखी जाते ती पाडव्यास परतते, हे आष्टी परगण्यात शेंबड्या पोरासही ठाऊक. साहेबांस ठाऊक नव्हते, ऐसे म्हणण्याची बेअदबी कोण करील?

मोजणीचे दिवशी ग्रामसेवक बद्रीनाथराव खुर्ची टाकून, रजिस्टर मांडीवर घेऊन बोळाच्या तोंडी ठाण मांडून बसले. गनिमाकडून एकटी भामाबाई चालून आली. वय सत्तर, फौज चार शेळ्या. लेक म्हाळू सुनेसह तोडीस गेलेला. चारा छावणीत गायीबैलांस दावण, शेळ्यांस थारा नाही, म्हणून म्हातारी डोईवर घागर वाहून त्यांस घरीच पाजीत असे. त्या चार शेळ्या हीच तिची दौलत आणि तिचा दरबार. ती सूर्योदयापासून फेऱ्या घालू लागली, आणि भरली घागर घेऊन गेली, आणि रिती घेऊन आली, आणि मग घागर नसतानाही गेली आणि आली. एकतीस फेऱ्या जाहल्या. बद्रीनाथरावांनी आकडा लिहिला एक. माणूस एक, सबब आकडा एक.

मग तिने वस्तीत जाऊन तोडीस न गेलेले सात म्हातारे-म्हाताऱ्या उठविले आणि बोळातून काढिले. त्यांत बंकट धनगर, ज्यास दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, तो भिंत चाचपीत गेला. आकडा आठ जाहला. शेळ्याही मोजाव्यात, हा तिचा दावा नामंजूर जाहला.

दिवस मावळता भामाबाई म्हणाली, "समदी मानसं तोडीला गेलीत, तर आताच मोजता कावून? पाडव्याला मोजा की. मग बघा, बोळात पाय ठिवाया जागा ऱ्हाती का न्हाई."

बद्रीनाथरावांनी फर्माविले की, तोंडी हरकत चालत नाही, लेखी आणावी, मुदत आज पाच वाजेतो होती. तेव्हा सहा वाजले होते.

आठ दिवसांत बोळाच्या दोन्ही तोंडी भिंती उठल्या. कसब्यास प्यावया पाणी दिवसाआड, पण नव्या भिंती तडकू नयेत म्हणून त्यांस रोज दोन वेळ टँकरातले पाणी मारिले. भामाबाई ओढ्यातून अर्धा कोस चालू लागली. गुडघे हरले, फेऱ्या दोनावर आल्या, शेळ्या दिवसभर ओरडू लागल्या. म्हातारीस ते ऐकवेना. मग तिने चारही आष्टीच्या बाजारी उभ्या केल्या. साहेबांनी विजयाची पंगत योजिली होती, त्या पंगतीसाठी त्या चारही सेवकानेच खरेदी केल्या. तिने दावी हाती देताना किंमत धड मोजलीही नाही.

पंगतीस अवघ्या कसब्यास आवतण, त्यात तीही होती. आली आणि पत्रावळीवर बसली. वाढपी रस्सा घेऊन आला तेव्हा तिने पत्रावळीवर हात आडवा धरिला.

"मला नगं," ती म्हणाली. "त्यांला मी पानी पाजलंय."

साहेबांनी ऐकले किंवा न ऐकले, ते त्यांसच ठाऊक. तिला वरण वाढण्याची आज्ञा जाहली. सेवकाने तोवर दोनदा वाढून घेतले होते. लाज वाटली, परंतु घास गिळून जाहला होता.

येणेप्रमाणे बोळ फत्ते जाहला, संघाचे निशाण चढले, साहेबांचा लौकिक चहूकडे जाहला. आपलेकडील जखमी कोणी नाही. गनिमाकडील चार कामास आले.