निळे सासरे

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझे सासरे निळे पडले.

घाबरू नका, टीव्हीवर पडले. प्रत्यक्षात ते शेजारच्या खुर्चीत बसून स्वतःकडेच बघत होते.

ते रंगाच्या कारखान्यात होते. चौतीस वर्षं काम एकच: तयार रंग नमुन्याशी ताडून 'पास' की 'नापास' ते सांगायचं. आज संध्याकाळी पाचला कारखान्यात त्यांचा निरोपसमारंभ. तिथे दाखवायची फिल्म मी अंगावर घेतली होती. "स्टुडिओवाला कशाला? घरचा जावई आहे ना!" हे माझेच शब्द.

चार दिवस खपलो! संगणकावर बघावं तर सगळेच कावीळ झाल्यासारखे पिवळे. त्यात आमचा संगणक म्हातारा. रंगाची पट्टी निळ्याकडे केसभर सरकवली की पंखा गिरणीसारखा घरघरायचा आणि फरक दिसायला मिनिट लागायचं. सॉफ्टवेअर एकवीस वेळा बंद पडलं, मी मोजलंय. तरी एकेकाची कावीळ उतरवली आणि आज पेनड्राइव्ह टीव्हीला लावला.

"टीव्ही बिघडलाय!" मी जाहीर केलं.

"बातम्यांत तर सगळे बरे होते," बायको म्हणाली.

फोनवर लावून पाहिलं. तिथेही निळे!

"मला आवडलं बाई," सासूबाई म्हणाल्या. "किती शांत दिसतायत हे! चौतीस वर्षांत असे दिसले नाहीत."

सासरे उठून संगणकापाशी गेले. "कोरं पान उघडा बघू." मी उघडलं. त्याशेजारी त्यांनी खरा कोरा कागद धरला.

"जावईबापू, हा पांढरा. तुमचा पडदा पिवळा. नापास!"

"अगंबाई!" बायकोने कपाळावर हात मारला. "तुझे डोळे चुरचुरत होते ना, म्हणून मीच ते डोळ्यांना आराम देणारं बटण दाबलं."

"कधी?"

"सोमवारी."

सोमवारीच तर मी कामाला बसलो! म्हणजे चार दिवस मी ठणठणीत माणसांवर औषधोपचार केले! "मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तू 'हं' म्हणालास."

केलेले सगळे उपचार काढून साडेअकराला फिल्म पुन्हा तयार करायला लावली. संगणकाने आकडा दाखवला: तयार व्हायला पाच तास वीस मिनिटं.

निघताना सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चुकीचा रंग मी आजवर कारखान्याबाहेर जाऊ दिलेला नाही. आज शेवटच्या दिवशी आत येऊ देऊ नका, एवढंच."

चारला सगळे पुढे गेले. मी संगणकासमोर.

आता पाच वाजून चार मिनिटं झालीत. फिल्म नव्व्याण्णव टक्के तयार आहे. गेली तेरा मिनिटं नव्व्याण्णवच आहे. निळ्या फिल्मचा पेनड्राइव्ह टीव्हीला नाही. सासूबाई फोन उचलत नाहीत.